सीईए (रक्तातला कॅन्सरचा मार्कर) ८६ वरून १३१ वर! केमो लागू पडत नाहीये का? (नागपूर, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. बाबा ६४ वर्षांचे, काटोलजवळ संत्र्याची बाग. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलेला. नागपुरात फॉलफॉक्स (केमोच्या औषधांचा एक संच) सुरू आहे, दर १४ दिवसांनी एक सायकल. केमोचा पंप लावून माझ्याकडे मनीषनगरला येतात. केमोमुळे माठातलं गार पाणीही बोटांना झोंबतं म्हणतात.

केमोआधी सीईए ८६ होता, दोन सायकलनंतर १३१. पूर्वी बाबा कॅलेंडरवर कळमन्याचे भाव लिहायचे, आता सीईए लिहितात. भाव चढला की खूश व्हायचे, हा चढला तर दोन दिवस धड जेवले नाहीत. डॉक्टर म्हणाले, "एका आकड्यावर जाऊ नका, चार सायकल झाल्या की सीटी करू." तेवढ्यात पुढच्या पेशंटचा नंबर लागला. (काकांनी गव्हांकुराचा रस सुचवलाच आहे, तो विषय इथे नको.)

दुसरं म्हणजे, हॉस्पिटलमध्ये एक अभ्यास चालू आहे. केमो कोणाला लागू पडेल हे रक्तातल्या मार्करवरून आधी कळतं का, ते बघणार. औषध तेच, फक्त दर सायकलआधी दोन ट्यूब जादा रक्त. बाबा म्हणतात, "हिमोग्लोबिन ९ वर आलं, अन् वरून रक्त काहून देऊ?" हो म्हणावं का? कोणाला अनुभव?

रामटेकची_सून: दादा, ऑक्झालिप्लॅटिन (फॉलफॉक्समधलं एक औषध) सुरू झाल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत सीईए उगाच चढू शकतो. माझ्या सासूबाईंचा चढला होता, तिसऱ्या सायकलनंतर उतरला. पण पुढेही चढतच राहिला तर सीटी लवकर करायला सांगा. आणि दोन्ही रिपोर्ट एकाच लॅबचे आहेत का? मशीन बदललं की आकडा बदलतो.

अभ्यासाचं म्हणाल तर दोन ट्यूब म्हणजे साधारण दोन लहान चमचे. हिमोग्लोबिन त्याने पडत नाही, केमोने पडतं. नेहमीच्या तपासणीच्याच सुईतून घेतील का, विचारा. एथिक्स कमिटीची (अभ्यास योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीची) मंजुरी बघा, संमतीपत्र मराठीत मागून घरी आणा. नाही म्हटलं तरी उपचार तेच राहतात, मधेच सोडताही येतं. फायदा मात्र बाबांना होईल असं धरू नका, झाला तर पुढच्यांना.

धागाकर्ता: ताई, पहिला रिपोर्ट काटोलचा, दुसरा इथला! डोक्यातच आलं नाही. आता सोमवारी इथेच परत देतो. चमच्यांचं बाबांना सांगितलं. म्हणाले, "मंग नेऊ दे. पण तो मराठी कागद आधी मले दाखव."