'जाकीट' म्हणजे बाह्यांचं की बिनबाह्यांचं? (व्हिएन्नाच्या ऑक्टोबरासाठी शब्द हवाय)

ओसरीवरून
मंडळी, एक अडलंय. नणंद व्हिएन्नाला असते. ऑक्टोबरच्या अखेरीस सांगलीहून आमच्या घरचे काही जण तिच्याकडे निघालेत, सगळे साठीच्या पुढचे. कपडे काय आणायचे याचं टिपण तिने जर्मन-इंग्रजीची मिसळ करून धाडलं आणि ते मराठीत करून घरच्या गटावर टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्यात एक शब्द आहे, 'यूबरगांग्सयाके'. यूबरगांग म्हणजे एका स्थितीतून दुसरीत जाणं, याके म्हणजे जॅकेट. उन्हाळी कपडे आत गेलेत, जाड कोट अजून बाहेर काढलेला नाही, त्या मधल्या दिवसांत घालायचं ते. मी लिहिलं, "प्रत्येकाने मधल्या हवेचं एक जाकीट घ्यावं." पाच मिनिटांत मोठ्या दिरांचा फोन. "जाकीट आहे माझं खादीचं, सदऱ्यावरचं. पण थंडीत हात उघडे राहतील त्याचं काय?"

सासूबाईंच्या मते जाकीट बिनबाह्यांचंच असतं. नवरा म्हणतो जाकीट आणि जॅकेट एकच, एक आजोबांचा उच्चार आणि एक नातवाचा. तुमच्याकडे काय म्हणतात? आणि त्या मधल्या जॅकेटला काय म्हणू?

सोवळे_अक्षर
जॅकेट हा शब्द लिहायचाच कशाला? ऋतू पालटतो त्या काळाला आपल्याकडे 'ऋतुसंधी' म्हणतात, आयुर्वेदातला जुना शब्द आहे. अंगात घालायच्या वस्त्राला 'कंचुक' आहे. 'संधिकंचुक' करा, विषय संपला. 'दिनांक' आणि 'महापौर' हेही कधीकाळी नवेच होते, सावरकरांनी दिले तेव्हा लोक हसलेच होते.

दुपदरी
संधिकंचुक घ्या म्हटलं तर आमचे वडील औषधांच्या दुकानात जाऊन गुडघ्याचा पट्टा आणतील.

चिंचोका
ओसरीताई, तुमचे दीर बरोबर आहेत. आमच्या तालुक्याच्या गावात शिंपीकाका एकच प्रश्न विचारायचे, "जाकीट का कोट?" बाह्या आल्या की कोट, बाह्या गेल्या की जाकीट. कापड लोकरीचं की खादीचं, पेठेत घालणार की लग्नात, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बिनबाह्यांचंच पण सदऱ्याच्या आत गेलं की ती बंडी.

म्हणजे आपले शब्द बाह्या आहेत का आणि कपडा आत की बाहेर, एवढंच बघतात. हवा कशी आहे ते कपड्याच्या नावात कुठेच येत नाही. अपवाद एक रेनकोट, तोही आयता आलेला. मग 'मधल्या हवेचा' असा एका शब्दात कपडा कुठून मिळणार? 'पातळ कोट' लिहा, दिरांना कळेल.

सोवळे_अक्षर
'बाह्या' ठीक आहे, पण 'अस्तनी' हा आपला सुंदर शब्द कोणालाच आठवू नये? बिनअस्तनीचं जाकीट.

दुपदरी
सोवळेराव, अस्तनी फारसी 'आस्तीन'वरून आलीय. तुमचाच निखारा तुमच्या अस्तनीत. पैरणही फारसी, पायमोज्यातला मोजाही फारसी. शुद्धी करायला बसलात तर व्हिएन्नाला धोतर-उपरण्यात उतरावं लागेल.

सोवळे_अक्षर
जुन्या फारसी शब्दांना चार शतकं झाली, ते मुरलेत. जॅकेटचं तसं नाही.

चिंचोका
जाकीट मुरलंय की! इतकं मुरलं की बाह्या गळून पडल्या.

डॅन्यूबकाठी
इथेच राहते म्हणून लिहिते. ऑक्टोबरच्या अखेरीस दुपारी साधारण १२ ते १४ अंश, पहाटे ५-६. आकडा फार वाटत नाही, महाबळेश्वर पाहिलेला माणूस म्हणतो एवढंच ना. पण वारा! डॅन्यूबच्या कालव्यावरच्या पुलावर तो मानेतून शिरतो. दुसरी गोष्ट म्हणजे आत सगळीकडे गरम केलेलं. ट्राम गरम, कॉफीहाउस गरम, संग्रहालय गरम. दिवसातून दहादा काढायचं आणि घालायचं. म्हणून एक जाडजूड कोट आणि आत पातळ शर्ट ही आपल्या लोकांची पद्धत इथे मार खाते. कोट काढला की हुडहुडी, घातला की घाम.

इथे म्हणतात 'त्स्वीबललूक', कांद्यासारखं एकावर एक. अंगाला लागून पातळ थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं ते यूबरगांग्सयाके. दुपारी ऊन पडलं की एक उतरवायचं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळलेला असतो. फिरणं सकाळी ठेवा. रविवारी कपड्यांची दुकानं बंद, २६ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी, १ नोव्हेंबरलाही सुट्टी. स्वेटर विसरलात तर या दिवशी मिळणार नाही.

काकूबाई
या कांद्याला मराठीत काय म्हणायचं ते आधी ठरवा. थर म्हटलं की दहीहंडी डोळ्यासमोर येते.

दुपदरी
माझ्या नावातच आहे. पदर! दुपदरी रस्ता, तिपदरी दोरा, पोळीचे सुटलेले पदर. "तीनपदरी कपडे घाला."

काकूबाई
पुरुषांना कळेल. सासूबाईंना 'तीन पदर' सांगितलंत तर त्या तीन साड्या भरतील. आणि साडीचा प्रश्न कोणीच काढला नाहीये. पाचवारी नेसून वर कोट घातला तरी गारठा खालून येतो. परकराऐवजी लोकरी लेगिंग, लांब हाताचं पोलकं, अंगठा वेगळा असलेले जाड मोजे. चपला नकोतच, बूट. ओल्या पानांवरून पाय सटकतो. आणि मी पोलक्याला 'लांब हात' म्हणते, 'बाह्या' नाही. आमच्याकडे शर्टसुद्धा अर्ध्या हाताचा असतो.

घाटपायथा
उशिरा आलो. टिपणात ऋतूचं नाव काय घातलंय? 'शरद' घातलं असेल तर काढा.

ओसरीवरून
शरदच घातलंय. दुसरं काय?

घाटपायथा
शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. कोजागिरी, गच्चीवरचं मसाला दूध, निरभ्र आभाळ, आणि दुपारी असलं ऊन की लोक ऑक्टोबर हीट म्हणतात. 'शरदात या' म्हटल्यावर सांगलीचा माणूस सुती झब्बा भरणार. तिकडे जे चाललंय ती पानगळ, आणि आपली पानगळ शिशिरातली. सह्याद्रीच्या पायथ्याचा साग ऑक्टोबरात हिरवागार असतो, पानं झडतात पुढे माघ-फाल्गुनात.

सोवळे_अक्षर
चूक. सप्टेंबरातल्या त्या खगोलीय बिंदूला मराठीत शरदसंपातच म्हणतात. तेव्हा सुरू होणारा ऋतू शरद. तापमान प्रत्येक गावचं वेगळं, ऋतूचं नाव काय थर्मामीटर पाहून ठेवायचं?

घाटपायथा
कपडे तर थर्मामीटर पाहूनच भरायचे ना!

डॅन्यूबकाठी
भर घालू का? जर्मनमध्ये या ऋतूला 'हेर्ब्स्ट' म्हणतात. इंग्रजीतला 'हार्वेस्ट' त्याच मुळातला. म्हणजे मूळ अर्थ थंडीचा नाही की पानांचाही नाही, पीक काढण्याचा. व्हिएन्ना शहराच्या हद्दीतच द्राक्षमळे आहेत आणि या दिवसांत अर्धवट आंबलेला गढूळ द्राक्षरस मिळतो, त्याला 'श्टुर्म' म्हणतात, म्हणजे वादळ. गोड लागतो, आणि उठल्यावर कळतं.

चिंचोका
मग सुगी म्हणा! "सुगीच्या दिवसांत व्हिएन्ना." आपलीही खरिपाची सुगी तेव्हाच.

दुपदरी
वा. शब्द छान आहे, पण सुगीत कोणी कोट घालत नाही. घामाच्या धारा लागतात.

काकूबाई
'गुलाबी थंडी' का नको? सगळ्यांना कळते.

सोवळे_अक्षर
हिंदीतून आलेली आहे. आपण गारठा म्हणतो, हीव म्हणतो. थंडीला रंग कशाला?

काकूबाई
आमच्या आजीला हिंदी अक्षर येत नव्हतं आणि ती गुलाबी थंडी म्हणायची.

चिंचोका
विषय लोकरीचाच निघालाय तर सांगतो. ऑस्ट्रियात 'लोडन' नावाचं जाड लोकरी कापड असतं, विणून मग पाण्यात चेपून घट्ट करतात. त्याचे हिरवे-करडे कोट शिवतात, पाऊस आत येत नाही. आमच्याकडची घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, मागावर विणलेली, वर चिंचोक्याची खळ. माझं नाव त्यावरूनच. आणि 'जेन' वेगळं, ते विणतच नाहीत, लोकर दाबून लाटून करतात. लोडन या दोघांच्या मधलं. 'यूबरगांग' कापडच म्हणा की! आमच्या भागातला मेंढपाळ घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन पावसात उभा राहतो. तिला बाह्या नाहीत, जाकीट नाही, कोट नाही, आणि सगळ्या ऋतूंत चालते.

डॅन्यूबकाठी
घोंगडी घेऊन ऑपेऱ्यात सोडणार नाहीत मात्र! कोटही आत नेता येत नाही, बाहेर 'गार्डेरोब'मध्ये ठेवून बिल्ला घ्यायचा. स्टाट्सऑपरला, म्हणजे इथल्या मोठ्या ऑपेऱ्याला, उभं राहून बघायची तिकिटं स्वस्त मिळतात. पूर्वी आत गेल्यावर लोक आपल्या जागेच्या कठड्याला मफलर बांधायचे आणि खुशाल कॉफी प्यायला जायचे. बांधलेल्या जागेला कोणी हात लावत नसे. तिथल्या नेहमीच्या आज्या एका हाताने गाठ मारायच्या आणि नवख्याची गाठ सैल असली तर नाक मुरडायच्या.

घाटपायथा
म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणं! स्वारगेटला जन्म गेला तो तिथे कामी आला असता.

दुपदरी
फरक एवढाच की एसटीतला रुमाल उचलून फेकतात आणि वर विचारतात, "नाव लिहिलंय का?"

सोवळे_अक्षर
एसटीत रुमाल टाकून जागा 'पकडतात' असं हल्ली ऐकू येतं. जागा धरायची असते. पकडतात चोराला.

काकूबाई
आम्ही जागा 'अडवतो' म्हणायचो. सरळ, प्रामाणिक शब्द.

चिंचोका
रुमालावरून आठवलं. पेशवे दप्तरात कागदांच्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. आणि आमच्याकडे डोक्याला बांधतात तोही रुमाल. खिशातला लहान, तो हातरुमाल.

सोवळे_अक्षर
मूळ अर्थ तोंड पुसायचं कापड. फारसी 'रू' म्हणजे चेहरा. मुरलेला शब्द आहे, हरकत नाही.

ओसरीवरून
अहो, गटावर आज रात्री टाकायचंय. सध्या "वारा अडवणारा, पूर्ण बाह्यांचा पातळ कोट" असं लिहिलंय. 'शरद' काढून नुसतं 'ऑक्टोबर' ठेवलंय. दिरांनी कळवलंय की ते बंडी, सदरा, जाकीट आणि वर रेनकोट घालणार, म्हणजे चारपदरी.

सोवळे_अक्षर
'ऑक्टोबर' तरी कशाला? आश्विन-कार्तिक लिहा.

घाटपायथा
आणि अधिक मास आला त्या वर्षी विमान चुकवा.

काकूबाई
अडवणं आणि धरणं यात फरक आहे हं. धरली ती स्वतःसाठी, अडवली ती दुसऱ्यासाठी. बहिणीची जागा मी अडवायची, धरायची नाही.

दुपदरी
काकू, आमच्याकडे उलट आहे.