मदत हवी आहे : ईसीजीवर एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) नक्की कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. रात्रपाळीत ईसीजी आधी माझ्याच हातात येतो, म्हणून मनापासून विचारतेय.

परवा सत्तरीच्या एका आजींची नाडी हाताला वेडीवाकडी लागत होती. पट्टीवर दोन ठोक्यांमधलं अंतर कुठे तीन मोठे चौकोन, कुठे पाच, लगेच पुढे अडीच. ठेकाच नाही. पी वेव्ह (ठोक्याआधीची वरच्या कप्प्यांची छोटी लाट) दिसेना, नुसती बारीक थरथर. मी एट्रियल फिब्रिलेशन म्हटलं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

पण काल एका आजोबांचा हात पार्किन्सनमुळे कापत होता आणि त्यांच्याही रेषेत तश्शीच थरथर! क्यूआरएस (ठोक्याचे उंच टोकदार भाग) मात्र समान अंतरावर होते, म्हणून फिब्रिलेशन म्हणायची थांबले. हातापायाचे इलेक्ट्रोड खांद्याजवळ आणि मांडीवर सरकवले तेव्हा पी वेव्ह दिसल्या. पण ठोकेही अनियमित असतील आणि हातही कापत असेल, तर तुम्ही कसं ठरवता?

आणखी एक. एट्रियल फ्लटरमध्ये (वरचे कप्पे नियमित पण फार वेगाने धडधडतात) दोनास एक ब्लॉक असला, म्हणजे दर दोनांतला एकच ठोका खाली पोचला, की ठोके मिनिटाला 150 च्या आसपास, अगदी नियमित पडतात. फ्लटरच्या करवतीच्या दातांसारख्या लाटा टी वेव्हमध्ये (क्यूआरएसनंतरच्या लाटेत) लपतात. त्या शोधायला तुम्ही आधी कुठली लीड (ईसीजीतली कुठल्या बाजूची रेषा) बघता, दोन, एव्हीएफ की व्ही1? आयसीयूतल्या अनुभवी ताई-दादांनी कृपया सविस्तर सांगा.