घरचं पनीर: तुमचे अनुभव लिहा

गेल्या रविवारी लिटरभर म्हशीच्या दुधाचं पनीर केलं आणि ते भाजीत रबरासारखं झालं. मुलं चावून चावून दमली. दूध फाटल्यावरही मी पाच मिनिटं गॅस चालूच ठेवला होता, चूक बहुतेक तिथेच झाली. विरजणाचं शहाणपण घरातून मिळतं, पनीर मात्र आपलं आपण शिकावं लागतं. म्हणून हा धागा. कुठलं दूध घेतलंत, कशाने फाडलंत, काय बिघडलं, सगळं लिहा.

कोल्हापूरहून
रतिबाचं म्हशीचं दूध. उकळी आली की गॅस बंद करते आणि दोन मिनिटं थांबते. मग एका लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून चमच्याचमच्याने घालते. ढवळायचं हळू, घुसळायचं नाही. पाणी हिरवट आणि नितळ दिसलं की हात थांबवायचा, रस उरला तरी उरू दे. दुधाळ असेल तर अजून एक चमचा. फडक्यात ओतून लगेच गार पाण्याखाली धरते. आंबटपणा जातो आणि शिजणंही तिथेच थांबतं. वर पोळपाट, त्यावर पाण्याने भरलेला कुकर, पाऊण तास. लिटरला दोनशे ग्रॅमच्या आसपास निघतं. गाईच्या दुधाचं कमी, पण मऊ. रसगुल्ल्याला मी तेच घेते.

न्यू जर्सीहून
इथे कॅनवर ‘अल्ट्रा-पाश्चराइज्ड’ लिहिलेलं दूध घेऊ नका. माझं गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटर, रव्यासारखं कणकण फाटलं; वडी धरेचना. फार जास्त तापवल्याने त्यातली प्रथिनं आधीच बदललेली असतात. त्या दिवशी भुर्जी केली. आता साधं पाश्चराइज्ड ‘होल मिल्क’ आणते.

मुंबईहून
शेजारच्या पारशी काकूंनी मला टोपलीचं पनीर शिकवलं. त्यात लिंबू नाही, उकळी नाही. कोमट दुधात रेनेट (दूध घट्ट करणारं विकर) घालून ते इवल्या टोपल्यांत लावायचं. लागलं का बघायला मी टोपली हलवली, तर काकूंनी माझं मनगटच धरलं. ‘दीकरी, हाथ नहीं लगाने का!’ तोवर कडेला चीर गेलीच होती. नीट लागलेलं पनीर खरवसापेक्षाही नाजूक असतं. खारट पाण्यात तरंगत ठेवतात, चमच्याने उचलून खायचं.

पुण्याहून
उन्हाळ्यात दूध नासलं की आजी ते साखर-वेलची घालून आटवायची आणि आम्हा मुलांना वाटीवाटीने द्यायची. फाटलेलं दूध गाळल्यावर खाली राहिलेल्या पाण्याला ती नासकवणी म्हणायची. मी त्यात कणिक भिजवते, पोळ्या मऊ होतात. थोडं झाकून ठेवते. दुसऱ्या दिवशी ते आंबट झालं की पुढचं दूध त्यानेच फाडते. लिंबाचा वास राहत नाही.

धागाकर्ती
आज कोल्हापूरच्या पद्धतीने केलं. गॅस आधी बंद, मग लिंबू. अर्धं लिंबू उरलं. १९० ग्रॅम भरलं. बोटाने दाबलं तर दबलं आणि हळूच वर आलं. पाणी झाकून ठेवलंय, उद्यासाठी.