क्लिंटन 'जनतेचा राज्यपाल' होता म्हणे!

ताम्रपट
परवा इथल्याच एका लेखात वाचलं: "न्यूयॉर्कचा पहिला राज्यपाल जॉर्ज क्लिंटन सलग १८ वर्षं निव्वळ जनतेच्या प्रेमावर निवडून आला. त्याच्या कारकिर्दीला डाग नाही." तिथे प्रतिसाद द्यायला बसलो आणि तो एवढा लांबला की वेगळा धागा काढतोय.

१७७७ ते १७९५, हिशेब बरोबर. पण १७९२ च्या निवडणुकीचं काय? क्लिंटन ८,४४० मतं, विरोधी उमेदवार जॉन जे ८,३३२. फरक १०८. आणि हा निकाल लागला तो ओट्सेगो, टायोगा आणि क्लिंटन या तीन काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) पेट्या न मोजता.

तेव्हाची पद्धत अशी. गावच्या निरीक्षकांनी चिठ्ठ्या गोळा करायच्या, मोजायच्या मात्र नाहीत. त्या बंद करून शेरीफकडे, म्हणजे काउंटीच्या कायदा-सुव्यवस्था अधिकाऱ्याकडे, द्यायच्या. शेरीफनं सगळ्या एका पेटीत घालून, मोहोर लावून, राज्य सचिवाच्या कचेरीत पोचवायच्या. मग मेअखेर विधिमंडळाची १२ जणांची समिती (६ सिनेटचे म्हणजे वरच्या सभागृहाचे, ६ असेंब्लीचे म्हणजे खालच्या) मोजणार, आणि तिचा शब्द शेवटचा. म्हणजे मधली एक कडी तुटली की अख्खी काउंटी गेली!

ओट्सेगोचा शेरीफ रिचर्ड स्मिथ. त्याची मुदत १८ फेब्रुवारीला संपलेली. नवा माणूस बेंजामिन गिल्बर्ट ३० मार्चला नेमला गेला, पण ११ मेपर्यंत त्यानं कारभार हाती घेतलाच नव्हता. मतदान एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारपासून. पेटी स्मिथनं पाठवली. समिती म्हणाली, तू शेरीफच नव्हतास. मतं बाद. ७ विरुद्ध ४. ओट्सेगोत जेंना भरघोस आघाडी मिळणार हे दोन्ही पक्ष धरून चालले होते. आणि यांना डाग दिसत नाही!

कोकणकडा
तो लेख मीच लिहिला होता. आडून कशाला बोलता, नाव घ्या की.

कायदा म्हणतो पेटी शेरीफनं पोचवायची. राज्यघटना म्हणते शेरीफ दरवर्षी नेमायचा. मुदत संपलेला माणूस म्हणजे वाटेवरचा वाटसरू. टायोगात शेरीफच्या दुय्यमानं पेटी घेतली, वाटेत आजारी पडला आणि ती आपल्या कारकुनाच्या हाती दिली. क्लिंटन काउंटीत ज्यानं पेटी आणली त्याच्याकडे नेमणुकीचा कागदच नव्हता. त्या काउंटीला तर खुद्द गव्हर्नरचं नाव होतं, तरी तीही फेकली. लबाडीच करायची असती तर निदान आपल्या नावाची पेटी कुणी वाचवली नसती?

आणि एका निवडणुकीवरून २१ वर्षं मोजणार का? (१८०१ ते १८०४ ची शेवटची मुदत तुम्ही सोयीस्कर गाळलीत.) १७७७ साली फिलिप स्कायलरसारख्या बड्या जमीनदाराला त्यानं हरवलं, शिवाय त्याच वेळी लेफ्टनंट गव्हर्नर (उपगव्हर्नर) म्हणूनही निवडून आला! ते पद त्यानं सोडलं. स्वातंत्र्ययुद्ध चालू, ६ ऑक्टोबरला हडसन नदीवरचे दोन किल्ले गेले, १६ ला इंग्रजांनी राजधानी किंग्स्टन जाळली. अशा वेळी राज्य उभं ठेवलं. पुढं बंदरातल्या जकातीवर तिजोरी भरली, म्हणून लहान शेतकऱ्याच्या जमिनीवर कराचा बोजा कमी राहिला. प्रेम काय हवेतून येतं?

बाराखडी
दोघांनाही विनंती, 'राज्यपाल' म्हणू नका हो. राज्यपाल म्हटलं की राजभवनात बसलेला, वरून नेमलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. तिथला गव्हर्नर मतं मागून यायचा. 'गव्हर्नर' सगळ्यांना कळतं. पाठ्यपुस्तकांनी हा घोळ घालून ठेवलाय आणि आपण तो चालवतो.

उंटावरचा शहाणा
बाराखडीताई, मग मुख्यमंत्रीही म्हणू नका. त्याला एकट्याला नकाराधिकारही नव्हता! विधेयक परत पाठवायचं तर गव्हर्नर, चॅन्सेलर (राज्याचा एक वरिष्ठ न्यायाधीश) आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांचं एकत्र मंडळ बसायचं. दोन तृतीयांश मतांनी विधिमंडळ तेही उलटवू शके.

नेमणुकांसाठी वेगळं मंडळ. चार मोठ्या विभागांतून एकेक सिनेटर असेंब्ली निवडणार, अध्यक्ष गव्हर्नर. वाद हा की नाव कुणी सुचवायचं? क्लिंटन म्हणे फक्त मी. १७९४ साली मंडळात विरोधक भरले आणि त्यांनी त्याच्या नाकावर टिच्चून एग्बर्ट बेन्सनला न्यायाधीश केलं. गंमत पुढे. जे गव्हर्नर झाले तेव्हा त्यांनीही तेच म्हटलं, नाव मीच सुचवणार. आणि १८०१ साली त्यांना अडवणारा कोण, तर क्लिंटनचा पुतण्या डेविट! त्याच वर्षी घटनादुरुस्तीचं अधिवेशन भरवून ठरवलं की सगळ्यांनाच हक्क. क्लिंटन पुन्हा खुर्चीवर आला तो हात बांधूनच. शेवटी १८२१ च्या घटनेनं मंडळच बरखास्त केलं.

आता मूळ मुद्दा. शेरीफ कोण नेमायचं? हेच मंडळ. अध्यक्ष कोण? जॉर्ज क्लिंटन. १८ फेब्रुवारी ते ३० मार्च ओट्सेगोची जागा तशीच राहिली ती कुणाच्या टेबलावर? कोकणकडासाहेब, घराला कुलूप लावायचं तुम्हीच विसरायचं आणि घरात कुणी आढळला की चोर म्हणून बडवायचं, असा हा न्याय आहे.

कोकणकडा
शहाणे, उंटावरून उतरा. मंडळात चार सिनेटर होते, क्लिंटनकडे फक्त बरोबरी झाली तर निर्णायक मत. आणि ओट्सेगोत काय सोवळं होतं? तिथला न्यायाधीश आणि जमीनविक्या विल्यम कूपर मतदारांना दमदाटी करतो असे आरोप झाले होते. त्यावर अळीमिळी गुपचिळी!

ताम्रपट
दमदाटीवरून पेटी बाद झाली नाही, कागदावरून झाली. विषय बदलू नका.

आणि समितीत कोण होतं ते तुमच्या लेखात का नाही? सातांत एक पिअर व्हॅन कोर्टलँड धाकटा. त्याचे वडील त्याच निवडणुकीत क्लिंटनच्या जोडीनं लेफ्टनंट गव्हर्नरपदाला उभे! मुलगा बापाची मतपेटी तपासतोय. पुढे तो क्लिंटनचा जावईही झाला. सल्ला मागितला तो राज्याच्या दोन्ही अमेरिकी सिनेटरांना. रुफस किंग म्हणाले ओट्सेगो मोजा, ॲरन बर म्हणाले नको. समितीनं बरचं उचललं. नंतर चिठ्ठ्या जाळल्या, म्हणजे पडताळणीही संपली.

शंकेखोर
दोन्ही बाजू 'जनता' 'जनता' करताहेत म्हणून एक हिशेब. गव्हर्नरच्या मतदानाला १०० पौंडांची स्वतःची जमीन लागे. कुळांना ते मत नाही. १७९० ची लोकसंख्या ३,४०,१२०, मोजलेली मतं १६,७७२. शंभरातले पाच. चालू द्या.

निवांत
त्या काळच्या मानानं बोला हो, शंकेखोर.

जेंनी स्वतः शांतपणे घेतलं. जेंच्या पक्षाचा नेता हॅमिल्टन, त्याला क्लिंटन डोळ्यांसमोर नको असायचा, पण त्यानंच पक्षातल्या तापलेल्यांना आवरलं की कायद्याबाहेरच्या मार्गानं निकाल फिरवायचा नाही. आणि १७९५ साली क्लिंटन उभाच राहिला नाही. जे तहाच्या वाटाघाटीसाठी लंडनला गेलेले होते, राज्यात पाऊल न ठेवता निवडून आले. पेटीचा हिशेब लोकांनी ठेवला होता असं मला वाटतं.

कोकणकडा
१८०१ साली त्याच लोकांनी पुन्हा क्लिंटनलाच बसवलं, त्या हिशेबाचं काय? वर १८०४ आणि १८०८ असा दोनदा अमेरिकेचा उपाध्यक्ष, म्हणून अमेरिकी सिनेटचा अध्यक्षही. १८११ मध्ये सिनेटात १७-१७ झाले तेव्हा राष्ट्रीय बँकेची सनद त्याच्याच मतानं बुडाली. राज्याचा पैसा राज्यात, हे १७८६ पासूनचं धोरण. तेव्हा काँग्रेसला (अमेरिकेच्या केंद्रीय संसदेला) जकात देताना अट घातली की वसूल करणारे अधिकारी आमचे. काँग्रेसनं नाकारलं. बदलला नाही माणूस.

उंटावरचा शहाणा
आडमुठेपणालाही सातत्य म्हणतात, हे आज कळलं. कनेक्टिकट आणि न्यू जर्सीचं गिऱ्हाईक न्यूयॉर्क बंदरातून आलेला माल घेताना ती जकात भरायचं, खजिना मात्र न्यूयॉर्कचा. शेजाऱ्याच्या खिशातून आपल्या शेतकऱ्याला सूट, वा रे प्रेम.

कोकणकडा
बरं. ओट्सेगोची पेटी मोजायला हवी होती. कागदाची चूक होती, मतदारांची नव्हती. एवढंच मान्य, खाली लिहून सही करून देऊ? 'डाग नाही' हे वाक्य लेखातून काढतो. बाकीचा लेख तसाच राहील.

ताम्रपट
काढा. आणि 'निव्वळ जनतेच्या प्रेमावर'?

कोकणकडा
ते राहणार.

बाराखडी
धाग्याच्या शीर्षकात अजून 'राज्यपाल' आहे.

ताम्रपट
ते अवतरण आहे हो!