रांगेत उभे राहणारे मूर्ख? थांबा जरा

कोपरीची मुक्ता:
परवा एका दादांनी इथे खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कबद्दल पोस्ट टाकली: "इमॅजिकाला रांगेत उभे राहतात ते मूर्ख." सल्ला काय, तर मुलांची शाळा बुडवा, मंगळवारी जा, जादा पैसे देऊन रांग टाळणारा एक्स्प्रेस पास काढा. खाली बदामांचा पाऊस. मला राहवलं नाही.

दादा, तुमचं काम घरून चालत असेल. माझा नवरा भिवंडीच्या गोदामात शिफ्ट करतो, मी दवाखान्यात रिसेप्शनला. दोघांची सुट्टी जुळते ती फक्त रविवारी. आणि डिसेंबरातला मंगळवार पाहिलाय का कधी? सहलींचा सीझन असतो तो. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, त्यामुळे पार्किंगमध्ये लालपऱ्याच लालपऱ्या. एका शाळेची पोरं एका राइडला उभी राहिली की तुमचा मंगळवार आणि आमचा रविवार सारखाच. वर मुलाला शिकवायचं काय? परीक्षा तोंडावर आली तरी चालेल, पण रांग नको?

घोडबंदरवाला:
तो 'मूर्ख' लिहिणारा मीच. चिडवल्याशिवाय कोणी वाचतं का इथे?

सहलींचे महिने सोडा ना. जूनच्या मध्याला शाळा सुरू झाल्या की गणपतीपर्यंत आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. दिवाळीनंतरचा आठवडा टाळा, तेव्हा अख्खा गुजरात सुट्टीवर असतो. आणि रविवारीच जायचं असेल तर निदान डोकं वापरा. गेट उघडलं की पब्लिक समोर दिसेल त्या पहिल्या राइडला चिकटतं. तुम्ही थेट मोठ्या कोस्टरकडे चालायला लागा. नायट्रोसारख्या राइडला एका खेपेला थोडीच माणसं जातात, प्रत्येकाचा पट्टा तपासूनच गाडी सुटते. तिथली रांग एकदा वाढली की दिवसभर उतरत नाही. आय फॉर इंडियासारख्या शोमध्ये एका दमात बरेच जण बसतात, ते दुपारसाठी ठेवा. जेवण साडेअकराला उरका, लोक एक वाजता ताटं घेऊन उभे असतात तेव्हा राइड मोकळ्या.

नेरूळचे अण्णा:
पावसाळ्यात? विजा चमकायला लागल्या की उघड्यावरचे कोस्टर बंद ठेवतात. मग बसा शेडखाली शेंगदाणे खात. तेही बाहेरून न्यायचे नाहीत म्हणे. आमच्या वेळी, १९८९ ला एस्सेलवर्ल्ड उघडलं, तेव्हा पार्कच्या आधी गोराईच्या बोटीला रांग. पोरं खाडी बघत उभी राहायची, कुणी कुरकुर केली नाही. तेही २०२२ ला बंद झालं. नातवंडांना सांगितलं तर खोटं वाटतं.

ऐरोली सेक्टर आठ:
अण्णा, कुरकुर झाली असणार, तुम्ही विसरलात.

माझा राग वेगळाच आहे. एक्स्प्रेस पास! मे महिन्यात एका पार्कात (नाव नको) लेकीला घेऊन तासाभरापेक्षा जास्त उभा होतो. बाजूच्या गेटने पासवाले येत राहिले आणि प्रत्येक वेळी आमची रांग थांबवून त्यांना आधी बसवलं. लेक म्हणाली, "बाबा, ते तर आपल्यानंतर आले ना?" काय उत्तर देऊ? पुढे पोचल्यावर उंचीच्या काठीला ती बोटभर कमी पडली. उंची मोजणारा माणूस रांगेच्या सुरुवातीला उभा करायला कुणी अडवलं होतं?

घोडबंदरवाला:
तिरुपतीला तीनशेचं तिकीट काढून पुढे जाता तेव्हा लेक काय विचारते?

ऐरोली सेक्टर आठ:
आम्ही तिरुपतीला जात नाही. आमची पंढरी. देवाला मध्ये आणू नका.

वाशीची वहिनी:
का नको? दोन्हीकडे पैसेवाला पुढे आणि बाकीचे दोरीच्या पलीकडे. मला तर देवळातलं जास्त खटकतं. पार्क निदान धंदा आहे म्हणून तरी सांगतो.

घोडबंदरवाला:
पंढरीला व्हीआयपी जातच नाहीत की काय? आषाढीला मुख्यमंत्री रांगेत उभे राहून महापूजेला पोचतात वाटतं?

नेरूळचे अण्णा:
ओ साहेब, त्या पूजेला मुख्यमंत्र्यांच्या शेजारी कोण बसतं ठाऊक आहे ना? दर्शनरांगेतलं वारकरी जोडपं. मानाचे वारकरी म्हणतात त्यांना. रांगेत उभं राहणाऱ्याला मान देणारी जागा आहे ती, आणि तुम्ही त्यांनाच मूर्ख म्हणताय.

घोडबंदरवाला:
मी वारकऱ्यांना कधी मूर्ख म्हटलं? माझी आजी वारीला जायची. शब्द तोंडात घालू नका, अण्णा.

वाशीची वहिनी:
मान एका जोडप्याला. बाकी हजारो जण दर्शनरांगेच्या पत्राशेडमध्ये रात्र काढतात, त्याचं काय?

नेरूळचे अण्णा:
ते स्वखुशीने काढतात. तुम्हाला नाही कळायचं.

वाशीची वहिनी:
कळायचं नाही म्हणजे? माझे सासरे माळकरी आहेत.

कोपरीची मुक्ता:
अहो, मी खोपोलीबद्दल लिहिलं होतं. पंढरपूरला कधी पोचलो आपण?

घोडबंदरवाले, ते 'मोठं कोस्टर आधी, जेवण साडेअकराला' मी चोरणार. तेवढंच कामाचं होतं, आणि नेमकं तेच तुमच्या पोस्टमध्ये नव्हतं, ते इथे भांडून काढावं लागलं. शाळा बुडवणार नाही. धाकट्याची उंची घरीच भिंतीवर पेन्सिलने मोजेन, बूट काढून. कमी भरली तर यंदा नेरूळचं वंडर्स पार्क. पालिकेचं आहे, खिशालाही झेपेल.

घोडबंदरवाला:
उपकार झाले. पास मात्र मी काढणारच. माझे पैसे, माझी सुट्टी.

ऐरोली सेक्टर आठ:
काढा की. सकाळी कापूरबावडीच्या सिग्नलला तो पास चालला तर आम्हालाही कळवा.

घोडबंदरवाला:
घाला आता ट्रॅफिकही माझ्याच नावावर.