केदारकंठ्यावरील हिमवृष्टीचा अंदाज किती दिवस आधी ग्राह्य धरावा?

प्रश्न (पुणेकर भटक्या): डिसेंबरअखेर आम्ही चौघे उत्तराखंडातील केदारकंठ्याला जाणार आहोत. एक ॲप पाऊस दाखवते, तर दुसरे हिमवृष्टी. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर (हिमरेषा): दोन्ही अंदाज एकाच वेळी बरोबर असू शकतात. चढाई जिथून सुरू होते ते पायथ्याचे सांक्री गाव सुमारे १,९५० मीटरवर आहे आणि शिखर सुमारे ३,८०० मीटरवर. दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते असे धरल्यास गावात ५ अंश असताना माथ्यावर उणे ७ असेल, म्हणजे खाली पाऊस आणि वर बर्फ. त्यातच हवामानाचा अंदाज काढणारी संगणकीय प्रारूपे प्रदेशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला एकच सरासरी उंची देतात, त्यामुळे अरुंद दऱ्या त्यांना दिसतच नाहीत. म्हणून अंदाज कोणत्या उंचीसाठी आहे, हे आधी पाहावे.

उत्तर (उत्तरवारा): हिवाळ्यातील बर्फ प्रामुख्याने भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. झंझावात येणार हे चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळते. बर्फ किती साचेल, हे मात्र फक्त एक-दोन दिवस आधी सांगणे शहाणपणाचे. ढोबळमानाने १ मिलिमीटर पाण्याचा १ सेंटिमीटर बर्फ होतो, कडाक्याच्या थंडीत त्याहून अधिक. दहा दिवसांपुढचे आकडे मी तरी पाहतच नाही.

उत्तर (हिमरेषा): सहमत. निघण्यापूर्वी हवामान विभागाच्या देहरादून केंद्राचे इशारेही अवश्य वाचावेत.