शब्दचर्चा : 'होजू'ला मराठीत काय म्हणावे?

रुजुवात :
कोरियन कुटुंबकायद्यावर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात 'होजू'साठी सर्रास 'कुटुंबप्रमुख' लिहितात. 'कोरियाने २००५ साली कुटुंबप्रमुख पद्धत रद्द केली,' असे वाक्य वाचले की वाटते, पूर्वी घरात वडिलांचा शब्द चालायचा, आता चालत नाही. पण घरातला दरारा कायद्याने कसा रद्द होणार? या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि त्याच्यासोबत येणारे होजॉक, पोनग्वान, छोन हे शब्द मराठीत कसे आणावेत?

खर्डा :
होजू हे नोंदवहीतले पद आहे, घरातला मान त्याच्या मागून येतो. 'हो' म्हणजे घर, उंबरा. 'जू' म्हणजे धनी. सरकारी कुळनोंदीला होजॉक म्हणत. त्यात प्रत्येक घराची एक नोंद, तिच्या शिरोभागी एकाचे नाव, आणि बाकी सगळे त्याचे कोण लागतात या नात्याने लिहिलेले. ही मांडणी जपानी राजवटीत रुजली. जपानने स्वतःकडची घरधनी पद्धत १९४७ साली मोडीत काढली, पण स्वतंत्र दक्षिण कोरियाच्या १९५८ च्या नागरी कायद्यात (लागू १ जानेवारी १९६०) ती कायम राहिली आणि २००७ अखेरपर्यंत टिकली.

'कुटुंबप्रमुख' का चालत नाही ते पदाच्या क्रमावरून कळते. होजू वारला की पद आधी मुलाकडे किंवा नातवाकडे जाई, मग मुलीकडे, मग पत्नीकडे, मग आईकडे. म्हणजे मागे पत्नी, पंचवीस वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा असेल तर होजू तो तीन वर्षांचा मुलगा. त्याला कोणी कुटुंबप्रमुख म्हणेल का? माझ्या मते 'नोंदीचा घरधनी' असे एकदा उलगडून सांगावे आणि पुढे 'होजू' हाच शब्द ठेवावा.

एक खबरदारी घ्या. कोरियन लिपीत ऑस्ट्रेलिया या देशाचे नावही 'होजू' असेच लिहितात, चिनी चित्राक्षरे तेवढी वेगळी. यांत्रिक भाषांतरात मध्येच ऑस्ट्रेलिया उगवला तर गोंधळ तिथला आहे.

पायवाट :
मग हिंदू एकत्र कुटुंबातला 'कर्ता' का नको? अर्थ जवळचा वाटतो.

मोडीवाचक :
जवळचा वाटतो म्हणूनच धोका आहे. कर्ता एकत्र मिळकतीचा कारभार पाहतो. मिळकत नसेल तर कर्त्याला काम नाही. होजूचे तसे नव्हते. घरात फुटकी कवडी नसली तरी नोंदीला होजू लागायचाच. त्याचे मालमत्तेशी नाते वाट्यापुरते होते आणि ते वर्षागणिक बदलत गेले. हे बदल आकड्यांत पाहिले की कायदा आणि समाज कसे एकमेकांना ओढत होते ते कळते.

समजा वडील वारले. मागे पत्नी, थोरला मुलगा (नवा होजू), धाकटा मुलगा आणि लग्न झालेली मुलगी.

१९६० ते १९७८ : २ : ६ : ४ : १, एकूण १३ भाग. होजूला दीडपट, पत्नीला धाकट्या मुलाच्या निम्मे, सासरी गेलेल्या मुलीला चौथाई.

१९७९ ते १९९० : ६ : ६ : ४ : १, एकूण १७ भाग. पत्नी थोरल्याच्या बरोबरीला आली, अविवाहित मुलीला मुलाइतका वाटा मिळू लागला, पण लग्न झालेली मुलगी होती तिथेच.

१९९१ पासून : ३ : २ : २ : २, एकूण ९ भाग. मुलगे-मुली समान, लग्न झालेले असो वा नसो, पत्नीला दीडपट, होजूचा जादा वाटा संपला.

इथे लिहिणारे हमखास चुकतात. कोणता हिशोब लावायचा ते मृत्यूच्या तारखेवर ठरते, दावा कधी लावला त्यावर नाही. १९८५ सालच्या मृत्यूची वाटणी आज न्यायालयात आली तरी भाग १७ च पडतात.

१९९१ पासून शब्दही बदलला. आधी 'होजू सांगसोक' म्हणजे होजूपदाचा वारसा. नंतर 'होजू सुंगग्ये' म्हणजे निव्वळ पदावर येणे, आणि ते नाकारण्याचीही मुभा. दोन्हींना 'वारसा' लिहिले तर ३० वर्षांच्या चळवळीचे फळ पुसले जाते. कोरियाच्या पहिल्या महिला वकील ली ते-यंग यांनी १९५६ साली कौटुंबिक कायद्याचे सल्लाकेंद्र काढले तेव्हापासून हा लढा चालू होता. 'सांगसोक'ला 'वारसा' आणि 'सुंगग्ये'ला 'पदप्राप्ती' असा फरक आपण ठेवायलाच हवा.

रुजुवात :
हे फार उपयोगी. आता पोनग्वान. 'गोत्र' लिहू का? एकाच पोनग्वानात लग्न होत नसे, म्हणजे सगोत्र विवाहबंदीच ना?

खर्डा :
बंदी सारखी, वस्तू वेगळी. गोत्र ऋषीच्या नावाने चालते, पोनग्वान गावाच्या नावाने. किम आडनावाचे लाखो लोक, पण किम्हेचे किम वेगळे आणि ग्यंगजूचे किम वेगळे. त्यांच्यात विवाह चाले. बंदी 'तोंगसॉंग-तोंगबोन' जोडप्याला, म्हणजे आडनाव एक आणि मूळस्थानही एक असेल तर. 'कूळस्थान' हा शब्द मला बरा वाटतो. एकट्या किम्हेच्या किमांची संख्या ४० लाखांहून जास्त आहे, त्यामुळे एकमेकांशी कसलाही माहितीतला रक्तसंबंध नसलेल्यांची लग्ने नोंदली जात नसत. लग्नाची नोंद नाही म्हणून मुले विवाहबाह्य ठरत. संसदेने १९७८, १९८८ आणि १९९६ साली तात्पुरते कायदे करून अशा जोडप्यांसाठी नोंदणीची खिडकी उघडली आणि पुन्हा बंद केली. एकच खिडकी तीनदा उघडावी लागते तेव्हा भिंत चुकीच्या जागी असते हे उघड आहे. १६ जुलै १९९७ रोजी घटना न्यायालयाने हे कलम बाजूला सारले. आपल्याकडे सगोत्र विवाहाची आडकाठी १९४६ च्या कायद्याने गेली होती, ही तुलना तळटिपेत शोभेल. शब्द मात्र उसना घेऊ नका.

पायवाट :
'बाजूला सारले' म्हणजे घटनाबाह्य ठरवले?

खर्डा :
नाही, आणि इथे शब्द फार जपून वापरावा लागतो. घटनाबाह्य म्हणजे 'विहॉन'. ते ठरवायला ९ पैकी ६ न्यायाधीश लागतात. १९९७ साली सरळ घटनाबाह्य म्हणणारे ५ होते, आणखी २ जण 'हॉनबॉप-पुलहापची' म्हणाले, २ विरोधात. निकाल लागला पुलहापचीचा. म्हणजे कलम घटनेशी जुळत नाही, पण ते दुरुस्त करायला संसदेला मुदत. मी 'घटनेशी विसंगत' लिहितो आणि पुढे मुदतीत काय चालू राहिले तेही लिहितो, कारण ते प्रत्येक वेळी वेगळे असते. १९९७ साली कलमाचा अंमल तिथल्या तिथे थांबवला आणि १९९८ अखेरची मुदत दिली. ३ फेब्रुवारी २००५ च्या होजू निकालात उलट झाले : नवा नोंदणी कायदा येईपर्यंत जुनी कलमे चालूच ठेवली, नाहीतर जन्म-मृत्यू-विवाहाची नोंद करायला वहीच उरली नसती. संसदेने मार्च २००५ मध्ये दुरुस्ती केली, ती लागू झाली १ जानेवारी २००८ पासून. म्हणून 'होजू पद्धत २००५ साली संपली' हे वाक्य अर्धेच खरे आहे.

मोडीवाचक :
छोनबद्दल, म्हणजे नात्याचे अंतर मोजायच्या एककाबद्दल. याला कृपया 'पिढी' लिहू नका. १९९७ नंतरचा नियम 'आठ छोनपर्यंतच्या रक्तसंबंधात विवाह नाही' असा आहे. 'आठ पिढ्या' लिहिले की तो आपल्या सपिंड नियमापेक्षाही कितीतरी कडक होऊन बसतो.

मोजायचे असे : सामाईक पूर्वजापर्यंत वर चढायचे, मग दुसऱ्या व्यक्तीपर्यंत खाली उतरायचे, आणि प्रत्येक जन्मसंबंध एक छोन धरायचा. आई-मूल १, सख्खी भावंडे २, काका-मामा-आत्या-मावशी ३, चुलत-मावस भावंडे ४. पुढे प्रत्येक पिढीला दोनाची भर : ६, मग ८. आठ छोन म्हणजे दोघांचा सामाईक पूर्वज खापरपणजोबा. 'पायरी' हा शब्द अचूक बसतो. हे मोजमाप आईकडून आणि वडिलांकडून सारखेच आहे. १९९० पर्यंत कायद्याने धरलेले नातलग मात्र वडिलांकडे ८ आणि आईकडे ४ पायऱ्यांपर्यंतच होते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये घटना न्यायालयाने आठ पायऱ्यांची बंदी कायम ठेवली, पण असे लग्न झालेच तर ते सरसकट रद्दबातल मानणारे कलम विसंगत ठरवले. 'बंदी' आणि 'रद्दबातल' हे दोन शब्द वेगळे ठेवा.

रुजुवात :
आणि होजॉक गेल्यावर आता काय आहे? काही लेखांत 'होजू गेले पण घरप्रमुख अजून कागदावर आहे' असे वाचले.

खर्डा :
तो 'सेदेजू'. रहिवासी नोंदणीत एका पत्त्यावर राहणाऱ्यांपैकी ज्याच्या नावाने नोंद असते तो. ती कोणीही असू शकते. आपल्या शिधापत्रिकेवरचा कुटुंबप्रमुख म्हणतात तो हाच. 'कुटुंबप्रमुख' हा शब्द याच्यासाठी राखून ठेवला तर सगळा गोंधळ मिटतो.

दोन वह्या वेगळ्या असल्याने पूर्वी केवढा त्रास होई पाहा. घटस्फोटानंतर मूल आईकडे राहिले तरी त्याचे नाव वडिलांच्या होजॉकमध्येच. आईच्या रहिवासी दाखल्यावर पोटच्या मुलापुढे 'तोंगगॉइन', म्हणजे 'सोबत राहणारा', असे छापून येई. हा शब्द मराठीत तसाच कोरडा ठेवा, 'मुलगा' करून सौम्य करू नका.

२००८ पासून नोंद व्यक्तीच्या नावाने आहे. दाखले पाच : मूलभूत, कुटुंबसंबंध, विवाहसंबंध, दत्तकसंबंध आणि पूर्णदत्तकसंबंध (जन्मदात्या घराशी कायदेशीर नाते तोडणारे दत्तक). विवाहाची माहिती हवी असताना 'कुटुंबाचा दाखला' मागितला तर जुनी लग्ने-घटस्फोट त्यात नसतात, आणि तसे मुद्दामच केलेले आहे. आडनावाबाबतही : स्त्री लग्नानंतर स्वतःचे आडनाव आधीही बदलत नव्हती, आताही नाही. पूर्वी नाव सासरच्या वहीत आणि आडनाव माहेरचे, असे होते. 'सासरचे आडनाव लावण्याची सक्ती गेली' हे वाक्य साफ चूक. मूल मात्र आजही मुळात वडिलांचेच आडनाव घेते. आईचे द्यायचे तर विवाहनोंदणीच्या वेळीच तसा करार दाखवावा लागतो. पुढे मुलाच्या हितासाठी कुटुंब न्यायालयातून आडनाव बदलता येते.

पायवाट :
शेवटचा शब्द, 'जेसा जुजेजा'. 'श्राद्धकर्ता' लिहू?

मोडीवाचक :
लिहा, पण यालाही मालमत्ता चिकटलेली आहे हे सांगा. पूर्वजांच्या पूजेचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्याकडे कबरीभोवतालची १ जंगबो (सुमारे एक हेक्टर) पर्यंतची राखीव वनजमीन, ६०० प्यंग (सुमारे २,००० चौरस मीटर) पर्यंतची शेती, वंशावळ आणि पूजेची भांडी जातात. १९९० पर्यंत हे होजूच्या वारसाला मिळे. त्यानंतर कायद्याने फक्त 'पूजा चालवणारा' एवढेच म्हटले, आणि तो कोण याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. २००८ साली उत्तर आले : वारसांचे एकमत नसेल तर थोरला मुलगा. ११ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाने ते फिरवले : एकमत नसेल तर सर्वांत जवळच्या वंशजांपैकी वयाने मोठा, मुलगा असो की मुलगी. त्यामुळे २०२३ नंतरच्या मजकुरात 'श्राद्धकर्ता किंवा श्राद्धकर्ती' असे दोन्ही लिहावे लागेल.